जन्मजात सीएमव्ही संसर्ग: बाळाच्या केसवर विचारविनिमय करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मजात विषाणुसंसर्गाची शंका असलेल्या बाळाची केस एक डॉक्टर दुसऱ्यापुढे मांडतो, तेव्हा पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न येथे घेतले आहेत. भर सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, या विषाणूवर आहे. गर्भात होणाऱ्या विषाणुसंसर्गांत तो जगभर सर्वाधिक आढळतो, आणि तरीही त्याचे निदान आपल्याकडे बहुधा उशिरा होते किंवा होतच नाही. उत्तरे प्रामुख्याने बालरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहेत. बाळाच्या आईवडिलांनीही ती जरूर वाचावीत, मात्र औषधाचा निर्णय बाळाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

कोणत्या नवजात बाळात सीएमव्हीची शंका घ्यावी?

डोक्याचा घेर गर्भवयाच्या मानाने बराच कमी असणे, यकृत व प्लीहा वाढलेली असणे, अंगावर बारीक जांभळट ठिपके, प्लेटलेट कमी होणे, थेट बिलिरुबिन वाढलेली कावीळ, आणि मेंदूच्या सोनोग्राफीत पोकळ्यांच्या कडेने दिसणारे कॅल्शियमचे साठे, हे चित्र पुस्तकातले आहे आणि ते सहसा कोणी विसरत नाही. सुटतात ती याहून सौम्य बाळे. पूर्ण दिवसांचे पण कमी वजनाचे, बाकी ठणठणीत दिसणारे बाळ असते, त्याची कानाची प्राथमिक तपासणी एका बाजूला ‘पुन्हा करा’ अशी येते, आणि ‘कानात पाणी असेल, महिन्याभराने बघू’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. नवजात बाळ श्रवणतपासणीत दोनदा नापास झाले, तर तिसऱ्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी सीएमव्हीसाठी नमुना घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जगभरात साधारणपणे दर शंभर ते दोनशे जन्मांमागे एका बाळाला हा संसर्ग असतो. त्यांपैकी सुमारे दहा टक्के बाळांतच जन्मतः लक्षणे दिसतात. उरलेल्या, निरोगी दिसणाऱ्या बाळांपैकी दहा ते पंधरा टक्क्यांना पुढे बहिरेपणा येऊ शकतो.

आई आणि बाळ दोघांचाही ‘टॉर्च’ रिपोर्ट हाती आहे. त्यावरून निदान करता येणार नाही का?

नाही, आणि चर्चेचा सर्वाधिक वेळ याच रिपोर्टवर (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस अशा संसर्गांच्या प्रतिपिंडांची एकत्र तपासणी) खर्च होत असल्यामुळे हे सविस्तर सांगणे भाग आहे. आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, त्यामुळे बाळाच्या रक्तात ती सापडली तर त्यातून आईला आयुष्यात कधीतरी हा संसर्ग होऊन गेला एवढेच कळते. भारतात गर्भधारणेच्या वयातील बहुसंख्य स्त्रियांना तो बालपणीच होऊन गेलेला असतो. बहुतेक भारतीय अभ्यासांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आयजीजी पॉझिटिव्ह येणे ही आपल्याकडे सर्वसाधारण गोष्ट आहे आणि तिच्यावरून घाबरण्याचे किंवा निश्चिंत होण्याचेही कारण नाही.

आयजीएम हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार वारेतून जात नाही, म्हणून बाळाच्या रक्तात ते सापडले तर ते बाळाचे स्वतःचे असावे, हा तर्क बरोबर आहे. अडचण अशी की, खरोखर संसर्ग असलेल्या अनेक बाळांमध्येही आयजीएम निगेटिव्ह येते, आणि काही किटमध्ये ते खोटे पॉझिटिव्हही येते. निगेटिव्ह आयजीएम पाहून पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी तपासणी, रद्द केला गेला, ही केस सादर होताना सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे. आईच्या बाबतीतही आयजीएम अनेक महिने टिकून राहू शकते, शिवाय जुना विषाणू शरीरात पुन्हा जागा झाल्यावरही ते पॉझिटिव्ह येऊ शकते. गरोदरपणात संसर्ग नेमका केव्हा झाला हे ठरवायचे असेल, तर आयजीजीची ॲव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंड विषाणूला किती घट्ट चिकटते ते, पाहावी. ती कमी असल्यास संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याचा संभव असतो. जन्मलेल्या बाळाचे निदान मात्र विषाणू प्रत्यक्ष शोधूनच होते.

एकवीस दिवसांची मर्यादा एवढी महत्त्वाची का मानली जाते?

कारण बाळाला सीएमव्हीचा संसर्ग जन्मानंतरही सहज होतो. प्रसूतिमार्गातील स्रावातून किंवा आईच्या दुधातून विषाणू बाळाच्या शरीरात शिरला, तर तो लघवीत व लाळेत दिसू लागायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या २१ दिवसांत घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला, तर संसर्ग गर्भातलाच आहे असे म्हणता येते. बाविसाव्या दिवसानंतरचा तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट दोन्ही शक्यता खुल्या ठेवतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतर दुधातून झालेला संसर्ग सहसा निरुपद्रवी असतो, त्यावर सहा महिन्यांचे औषध द्यायचे नसते, आणि म्हणून हा फरक केवळ कागदोपत्री नाही.

आपल्याकडे ही मुदत नेमकी कोठे निसटते हेही पाहिले पाहिजे. पहिले बाळंतपण अनेकदा माहेरी होते, श्रवणतपासणीची सोय त्या गावात असतेच असे नाही, आणि सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही पद्धत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. दीड महिन्याच्या लसीला बाळ येते तेव्हा नमुन्याची वेळ कधीच टळलेली असते. यावर उपाय एकच, तो म्हणजे शंका असलेल्या बाळाचा नमुना डिस्चार्जच्या आधीच घेणे. तो राहिलाच, तर आशा कार्यकर्तीच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. डिस्चार्ज कार्डावर ‘चौदाव्या दिवसाच्या आत लघवीचा नमुना पाठवा’ असे मराठीत ठळक लिहिले, तर त्या भेटींचा खरा उपयोग होतो.

नमुना लाळेचा घ्यावा की लघवीचा?

दोन्ही चालतात, कारण बाळाच्या लाळेत आणि लघवीत विषाणू मोठ्या प्रमाणात असतो. गालाच्या आतून स्वॅब फिरवणे सर्वांत सोपे आहे. मात्र तोंडात राहिलेल्या आईच्या दुधातल्या विषाणूमुळे तो रिपोर्ट क्वचित खोटा पॉझिटिव्ह येतो, म्हणून स्तनपानानंतर किमान एक तास जाऊ द्यावा आणि लाळ पॉझिटिव्ह आल्यास लघवीच्या पीसीआरने खात्री करून घ्यावी. लघवी चिकटपट्टीच्या पिशवीत जमवलेली असली तरी चालते. रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह आला म्हणून संसर्ग नाही असे समजू नये.

एकवीस दिवस उलटून गेले असतील तर काय करावे?

जन्माच्या वेळी टाचेतून घेतलेला रक्ताचा वाळवलेला ठिपका कोठे जपून ठेवला असेल, तर त्यावर पीसीआर करता येतो. पॉझिटिव्ह आल्यास जन्मजात संसर्ग सिद्ध होतो, पण या ठिपक्यात विषाणू सापडण्याची खात्री कमी असल्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही. ठिपका उपलब्ध नसल्यास मेंदूचा एमआरआय, डोळ्यांचा पडदा, श्रवणतपासणी आणि जन्मावेळच्या नोंदी एकत्र पाहून ‘जन्मजात सीएमव्हीचा संभव’ एवढेच फाइलमध्ये प्रामाणिकपणे लिहावे. दुसरीकडे, तीन महिन्यांच्या बाळाच्या लघवीतही विषाणू सापडला नाही, तर जन्मजात संसर्ग असण्याची शक्यता खूपच कमी होते, कारण ही बाळे वर्षानुवर्षे लघवीतून विषाणू बाहेर टाकत राहतात.

रुबेला किंवा हर्पीस असण्याची शक्यता कशी पडताळावी?

मोतीबिंदू, हृदयाजवळील डक्टस (जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी) उघडी राहणे आणि बहिरेपणा हे तिन्ही एकत्र दिसले, तर आधी रुबेला आठवावा. गोव्यात २०१७ मध्ये आणि महाराष्ट्रात २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली असली, तरी लस न मिळालेल्या माता अजून आपल्यात आहेत. रुबेलाचे बाळ वर्षभरापर्यंत विषाणू पसरवू शकते, त्यामुळे लस न घेतलेल्या गर्भवतींचा त्याच्याशी संपर्क टाळावा लागतो.

हर्पीसचे प्रकरण वेगळे आणि तातडीचे आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत बाळाला झटके येत असतील, त्वचेवर पाण्याचे फोड असतील, किंवा जंतुसंसर्गासारखे दिसणारे बाळ प्रतिजैविकांना प्रतिसाद देत नसून यकृताची एन्झाइम्स फार वाढली असतील, तर नमुने घेऊन रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करावे. मात्रा प्रतिकिलो २० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. मेंदू किंवा सर्वांगात पसरलेल्या आजारात किमान २१ दिवस, आणि केवळ त्वचा, डोळे व तोंड यांपुरत्या आजारात १४ दिवस. येथे एका रात्रीचा उशीरही महाग पडतो.

सीएमव्हीचे औषध कोणत्या बाळाला द्यावे, आणि कोणत्या बाळाला देऊ नये?

खरी चर्चा येथे होते. औषध म्हणजे तोंडावाटे द्यायचे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, प्रतिकिलो १६ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहा महिने. या मुदतीला आधार आहे तो २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीचा, ज्यात लक्षणे असलेल्या ९६ बाळांपैकी काहींना सहा आठवडे आणि काहींना सहा महिने औषध दिले गेले. सहाव्या महिन्याला दोन्ही गटांच्या श्रवणात फरक दिसला नाही. दोन वर्षांच्या वयाला मात्र श्रवण सुधारलेले किंवा सामान्य राहिलेले कान दीर्घ उपचाराच्या गटात ७७ टक्के, तर दुसऱ्या गटात ६४ टक्के होते, आणि भाषेच्या विकासातही काही लाभ दिसला. लाभ आहे, पण तो माफक आहे. पालकांशी बोलताना हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात यावेत. ‘औषधाने बाळ बरे होईल’ असे सांगणारा डॉक्टर पुढच्या दोन वर्षांतल्या संवादाचा पाया कच्चा करतो, आणि ‘काही उपयोग नाही’ असे सांगणारा बाळाचा हक्क नाकारतो.

मेंदूवर परिणाम झालेली बाळे आणि एकाहून अधिक अवयवांत ठळक आजार असलेली बाळे यांना औषध द्यावे, याबाबत फारसे दुमत नाही. जन्मतः फक्त बहिरेपणा आढळलेल्या बाळाबद्दल मतभेद आहेत. आज अनेक तज्ज्ञ औषधाच्या बाजूने झुकतात. काहीच लक्षणे नसलेल्या, श्रवण सामान्य असलेल्या बाळाला केवळ पीसीआर पॉझिटिव्ह आहे म्हणून औषध देऊ नये. कमी वजन किंवा काही दिवसांपुरती घटलेली प्लेटलेट एवढेच असेल, तर आमचा कल थांबून निरीक्षण करण्याकडे आहे.

सुरुवात पहिल्या महिन्याच्या आत व्हावी, कारण चाचणीतली बाळे तेवढ्याच वयाची होती. नेदरलँड्समधील एका चाचणीत बहिरेपणा असलेल्या बाळांना तेरा आठवड्यांच्या वयापर्यंत औषध सुरू केले गेले आणि श्रवण टिकून राहण्यास काही मदत झाल्याचे दिसले. म्हणून दोन महिन्यांच्या बाळाची केस ‘उशीर झाला’ म्हणून लगेच बंद करू नये, पण तेथे पुरावा पातळ आहे हे पालकांना सांगावे. चाचणीत ३२ आठवड्यांपेक्षा कमी गर्भवयाची बाळे नव्हती, त्यामुळे त्यांच्याविषयीचा निर्णय अनुभवी केंद्राच्या सल्ल्यानेच घ्यावा.

रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजून औषध कमी-जास्त करण्याचा मोह अनेकांना होतो. औषध थांबवल्यावर विषाणू पुन्हा वाढतो, तो बहुतेक बाळांत वाढतोच, आणि केवळ त्यावरून औषध पुन्हा सुरू करण्याला आधार नाही.

औषध चालू असताना कोणती काळजी घ्यावी?

मुख्य धोका न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घटण्याचा आहे. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, मग आठव्या आठवड्याला आणि त्यानंतर दरमहा रक्ततपासणी करावी. यकृताच्या चाचण्या दरमहा पुरेशा आहेत. न्यूट्रोफिलची संख्या ५००च्या खाली गेली, तर औषध थांबवून ती ७५०च्या वर आल्यावर पुन्हा सुरू करतात. पुन्हा घटल्यास मात्रा निम्म्यावर आणतात. बाळाचे वजन झपाट्याने वाढत असल्यामुळे प्रत्येक भेटीत मात्रा नव्याने मोजावी. जन्माच्या वजनावर लिहिलेली मात्रा चौथ्या महिन्यापर्यंत तशीच चालू राहिल्याची उदाहरणे समोर येतात.

प्राण्यांवरील प्रयोगांत हे औषध कर्करोगाला कारणीभूत ठरणारे, गर्भाला अपायकारक आणि प्रजननक्षमतेवर परिणाम करणारे आढळले आहे. हे पालकांना आधी सांगावे. गोळी घरी कुटून देऊ नये, पातळ औषध देणाऱ्याने हातमोजे वापरावेत, आणि घरात कोणी गरोदर असेल तर ते काम तिच्याकडे देऊ नये.

ओएई तपासणी सामान्य आली आहे. मग बेरा कशाला?

ओएई या श्रवणतपासणीत आतील कानातील पेशींचा प्रतिसाद कळतो, पण तेथून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासला जात नाही; तो बेरा या तपासणीत कळतो. म्हणून सीएमव्हीच्या बाळाला ओएईचा निकाल काहीही असला तरी बेरा करावीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती एकदा करून भागत नाही. या संसर्गातला बहिरेपणा उशिरा सुरू होऊ शकतो, एका कानापासून दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि चढउतारही दाखवू शकतो. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, तीन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वर्षातून एकदा श्रवणतपासणी करावी. लक्षणे नसलेल्या बाळांनाही हेच वेळापत्रक लागू आहे. औषध न देता सोडलेल्या बाळाची फाइल बंद करायची नसते, ती याच कारणासाठी.

बहिरेपणाचे निदान तीन महिन्यांच्या आत आणि श्रवणयंत्र व वाचा-भाषा उपचारांची सुरुवात सहा महिन्यांच्या आत व्हावी. ‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले’ हे आजीचे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येते आणि त्यात वर्ष निघून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला, आणि त्याखालील जिल्हा केंद्रांत बाळ पाठवता येते. दोन्ही कानांत तीव्र बहिरेपणा असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (आतील कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणयंत्र) केंद्र शासनाची योजना आहे, आणि तिचे काम वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. वय जितके लहान तितका लाभ अधिक, त्यामुळे कागदपत्रे औषधोपचार चालू असतानाच जमवायला घ्यावीत.

आईच्या दुधात विषाणू असतो, तर स्तनपान बंद करावे का?

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीत मुळीच नाही. ज्या बाळाला गर्भातच संसर्ग झाला आहे, त्याला दुधातून नवे काही होत नाही. प्रश्न फक्त फार अपुऱ्या दिवसांच्या, दीड किलोहून कमी वजनाच्या, संसर्ग नसलेल्या बाळांचा आहे. दूध उणे २० अंशांवर गोठवल्याने विषाणू कमी होतो पण संपत नाही, पाश्चरीकरणाने तो नष्ट होतो. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू झाली आणि पाश्चरीकरणाची ही व्यवस्था आज इतरत्रही आहे. तरीही स्वतःच्या आईच्या ताज्या दुधाचे फायदे एवढे आहेत की, अशा बाळांतही ते सरसकट बंद करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

बाळापासून घरातल्यांना किंवा पाळणाघरातल्या मुलांना धोका आहे का?

बाळाला वेगळे ठेवण्याची गरज नाही. वरवर निरोगी असलेल्या कितीतरी लहान मुलांच्या लाळेत व लघवीत हा विषाणू असतोच, त्यामुळे निदान झालेल्या एका मुलाला अंगणवाडीतून दूर ठेवून काही साधत नाही. गरोदर स्त्रियांनी, त्यात परिचारिकाही आल्या, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलाचे उष्टे खाणे टाळावे.

पुढच्या गरोदरपणात हे पुन्हा होईल का?

आधी संसर्ग झालेल्या स्त्रीत तो पुन्हा उद्भवून गर्भापर्यंत पोचण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी आहे. प्रथमच होणाऱ्या संसर्गात ते तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. मात्र आपल्याकडे जवळजवळ सर्वच माता आधी संसर्ग झालेल्या गटात असल्यामुळे, टक्केवारी लहान असूनही बाधित बाळांची बहुसंख्या त्यांच्याच पोटी जन्मते. आईने काही खाल्ल्यामुळे, प्रवास केल्यामुळे किंवा ग्रहण पाळले नाही म्हणून हे घडलेले नाही, हे डॉक्टरांनी सासूबाईंच्या समोर, स्पष्ट शब्दांत सांगावे. असे सांगितल्याने घरातील वातावरण बदलते.

गरोदरपणाच्या सुरुवातीलाच प्रथम संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले, तर व्हॅलासायक्लोव्हिर रोज आठ ग्रॅम दिल्याने बाळाकडे संसर्ग जाण्याचे प्रमाण घटते, असे इस्रायलमधील २०२० च्या चाचणीत दिसले. तेथे ते ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. प्रतिपिंडांच्या इंजेक्शनाचा उपयोग मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. प्रतिबंधक लस अद्याप वापरात आलेली नाही.

दुसऱ्या शहरातील तज्ज्ञांचे मत ऑनलाइन घेताना काय पाठवावे आणि काय पाठवू नये?

गर्भवय, जन्मवजन, डोक्याचा घेर आणि त्याचा गर्भवयानुसार आलेख, नमुना कितव्या दिवशी घेतला तो दिवस, नमुन्याचा प्रकार, प्लेटलेट व यकृताच्या चाचण्या, डोळ्यांचा अहवाल, बेराचा मूळ आलेख आणि मेंदूची चित्रे एवढे असले, तर बहुतेक प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत देता येतात. यातला नमुन्याचा दिवसच सर्वांत जास्त वेळा राहून जातो, आणि त्याच्याशिवाय उरलेली चर्चा अधांतरी होते.

नाव, नोंदणी क्रमांक, गाव, मोबाइल क्रमांक आणि चेहरा दिसणारे छायाचित्र पाठवू नये. एमआरआयच्या फिल्मच्या कोपऱ्यात नाव छापलेले असते, तेही झाकावे. पालकांची संमती घेऊन तशी नोंद करावी. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला, तरी उपचारांची जबाबदारी सल्ला मागणाऱ्याकडेच राहते. म्हणून मिळालेले मत, ते कोणत्या माहितीवर दिले गेले आणि त्यातले काय स्वीकारले, हे तारखेसह बाळाच्या फाइलमध्ये लिहावे आणि त्याची एक प्रत पालकांच्या हाती द्यावी. बाळ माहेराहून सासरच्या गावी गेल्यावर पुढची बेरा करणाऱ्याजवळ तेवढाच कागद असतो.